भांडण मराठीत होऊ द्या

परदेशी विद्यार्थ्यांच्या मराठी वर्गात काही बिनसलं, की ऑफिसात कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, संस्कृतीचा फरक आहे, चालायचंच." हे कानावर पडलं की मी सावध होते. कारण एकदा हे वाक्य उच्चारलं गेलं की चौकशी तिथेच थांबते. शिक्षिका आतल्या आत कुढत राहते, विद्यार्थी खोलीवर जाऊन तिकडे घरी फोन लावतो, आणि दोघांचा अबोला सत्र संपेपर्यंत टिकतो.

पुण्यात परदेशी मंडळींना मराठी शिकवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. आधी वर्गावर होते, आता समन्वयक आहे. म्हणजे वेळापत्रक, यजमान कुटुंबं, पावसाळ्यातली आजारपणं आणि ही भांडणं, सगळं माझ्या टेबलावर येतं. आमचं मुख्य सत्र जून ते ऑगस्ट. तिकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, इकडे धो धो पाऊस. येणाऱ्यांपैकी कोणाला महानुभावांच्या पोथ्या वाचायच्या असतात, कोणाला धनगरांबरोबर फिरायचं असतं, कोणी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहीत असतं, कोणाचं लग्न मराठी घरात झालेलं असतं. मराठीच्या वाटेला येणारा परदेशी माणूस सहज म्हणून आलेला नसतो. शिकवणाऱ्याही तशाच. बहुतेक जणी मराठीत एम.ए. झालेल्या, काही निवृत्त प्राध्यापिका, हातात फारसं काही पडत नसताना वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या. दोन्हीकडची माणसं भाषेवर जीव असलेली. म्हणून खटका उडतो तेव्हा तो फार लागतो.

एक प्रकरण नीट सांगते. एक अमेरिकन विद्यार्थिनी होती. सकाळी तिचा गटाचा वर्ग आणि दुपारी दीडला एकटीचा तास. हा दुपारचा तास घ्यायला वेगळ्या बाई यायच्या. मुलगी हुशार, पण पावसाने आणि बाहेरच्या खाण्याने बेजार झालेली. साडेबारा-पाऊणला तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप यायचा, "बाई, आज बरं वाटत नाही, उद्या भेटू." मराठीत, शुद्धलेखन सांभाळून. बाईंचं उत्तर यायचं, "ठीक आहे." हळूहळू त्या तिच्याशी तुटक वागायला लागल्या. आल्या की थेट पुस्तक उघडायचं, चहापाण्याच्या गप्पा बंद. मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. बाई वेगळ्या येऊन म्हणाल्या, "या मुलांना आपल्या वेळेची किंमत नाही हो." ऑफिसात मत पडलं की अमेरिकन मुलं अशीच, स्वतःपुरतं बघणारी. मुलीच्या तिकडच्या सल्लागाराने कळवलं की भारतात गुरूबद्दल आदराची अपेक्षा असते, तिने जरा नमतं घ्यावं. दोन्ही बाजूंकडे सिद्धान्त तयार होता.

मी हजेरीपट घेऊन बसले. बाई हडपसरला राहायच्या. स्वारगेटला बस बदलून आमच्याकडे यायच्या. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे. निरोप येईपर्यंत त्या अर्ध्या वाटेवर असायच्या. तास गेला, मानधन गेलं, बसभाडं गेलं, शिवाय दुपार फुकट गेली. मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं बाईंना महिन्याचा पगार आहे, एखादा तास टळला तर त्यांना तेवढीच उसंत. मी सांगितल्यावर ती गप्प झाली आणि म्हणाली, "हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" तिचा प्रश्न रास्त होता. आम्ही नियम केला की तास रद्द करायचा तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं, त्यानंतर कळवलं तर बाईंना पूर्ण मानधन. त्यासाठी सहलींच्या खर्चाला कात्री लागली आणि त्यावरून वर बरीच वादावादी झाली. पण त्या दोघींमधला ताण निवळला. पुढे बाई तिला घरी जेवायला घेऊन गेल्या.

यात संस्कृतीचा संबंध कुठे होता? पैशांचा होता, बसच्या वेळेचा होता, आणि माहिती न देण्याचा होता. यातलं काहीही आम्हाला दुरुस्त करता येण्यासारखं होतं. संस्कृती दुरुस्त करता येत नाही, म्हणूनच तिच्यावर सगळं ढकलायला सोयीचं पडतं.

परदेशी शिकणारा आणि देशी शिकवणारा यांच्यात वरचष्मा कोणाचा, हा प्रश्न तसा जुना आहे. कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा याव्यात म्हणून 1800 साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. विल्यम कॅरी तिथे शिकवत. त्यांचं मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. ज्यांच्याकडून त्यांनी मराठी घेतली ते वैजनाथ पंडित आज अभ्यासकांपलीकडे कोणाला माहीत नाहीत. 1831 साली निघालेल्या मराठी-इंग्रजी कोशाला आपण 'मोल्सवर्थ' म्हणतो. त्यात कँडी बंधूंचा हात होता हे निदान काहींना ठाऊक असतं, पण शब्द गोळा करणारे, अर्थ पारखणारे पंडित नावानिशी कोणाला आठवत नाहीत. त्या काळी शिकवणाऱ्याचा पगार शिकणाऱ्याच्या सरकारकडून यायचा. चूक दाखवायची, पण मालकाची दाखवायची, असं ते काम.

आता कोणी कोणाचा मालक नाही. तरी सत्र संपताना विद्यार्थी एक फॉर्म भरतो. इंग्रजीत, निनावी. तो तिकडच्या विद्यापीठाकडे किंवा शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडे जातो. पुढच्या जूनमध्ये एखाद्या बाईंना बोलवायचं की नाही, हे पुष्कळदा त्या फॉर्मवरून ठरतं. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना धड दाखवलंही जात नाही, उत्तर द्यायला जागा तर नाहीच. दुसरीकडे बाईंच्या हातात श्रेणी असते. ती घसरली तर विद्यार्थ्याची पुढची शिष्यवृत्ती अडचणीत येते. हजेरी त्यांच्या हातात असते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करताना संस्थेचं बोनाफाइड लागतं, आणि ते हजेरीवर अवलंबून. म्हणजे दोघंही एकमेकांना घाबरून असतात, आणि दोघांनाही वाटत असतं की घाबरणारे आपण एकटेच. माझ्याकडे तक्रार आली की मी आधी हे तपासते, की या दोघांपैकी कोणाला कशाची भीती आहे. ते कळलं की निम्मं प्रकरण उलगडतं.

चुका काढण्यावरून होणारी भांडणं सगळ्यात जास्त. एकदा मी मागच्या बाकावर बसून तास पाहत होते. इतिहासाचा एक संशोधक आदल्या दिवशीची हकिकत सांगायला उभा राहिला. लक्ष्मी रोडवर पावसात सापडला, एका दुकानात शिरला, दुकानदाराने छत्री दाखवली.

"मी छत्री विकत घेतलो," तो म्हणाला.

"घेतली," बाई म्हणाल्या.

"घेतली. मी त्याला पैसे दिलो..."

"दिले."

"दिले. मग मी एक गोष्ट पाहिलो..."

"पाहिली. छत्री घेतली, पैसे दिले, गोष्ट पाहिली. परवाच झालंय ना हे?"

त्याने वही मिटली. "बाई, मला गोष्ट सांगायची होती," म्हणाला आणि खाली बसला. हे वाक्य त्याने निर्दोष मराठीत म्हटलं. वर्ग गप्प. त्या दुकानात त्याने काय पाहिलं ते आम्हाला त्या दिवशी कळलंच नाही.

तास संपल्यावर बाई मला म्हणाल्या, "चुका काढायच्या नाहीत, तर मग मी इथे कशाला येते?" त्यांच्या या प्रश्नाशी मी सहमत आहे. "समजलं म्हणजे झालं, व्याकरणाचं काय एवढं" असं म्हणणाऱ्यांनी मराठी शिकणाऱ्यांचं नुकसान केलं आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, ही गोष्ट मराठीच्या मुळाशी आहे. ती वर्षभरात हाडीमासी मुरली नाही तर पुढे दहा वर्षं छळते. पण चूक कधी आणि कशी दाखवायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्यावर काम झालेलं आहे. रॉय लिस्टर आणि लीला रांटा या दोघांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध केला. शिक्षक सगळ्यात जास्त वेळा काय करतात, तर मुलाचं वाक्य स्वतःच दुरुस्त करून म्हणून दाखवतात. आणि मुलं सगळ्यात कमी दखल घेतात ती याच दुरुस्तीची. शिक्षकाने अडवून, खुणावून, मुलालाच दुरुस्त करायला लावलं तर मूल स्वतः सुधारण्याची शक्यता बरीच वाढते.

मी हे बाईंना सांगितलं. त्या मनापासून शिकवणाऱ्या, त्यांनी लगेच करून पाहिलं. पुढच्या तासाला त्यांनी त्याला पूर्ण बोलू दिलं आणि कागदावर टिपणं घेतली. त्याचं संपल्यावर एवढंच विचारलं, "छत्री तो, ती की ते?" तो म्हणाला, "ती." मग थांबला, आणि स्वतःच म्हणाला, "घेतली. मी छत्री घेतली." तेव्हापासून आठवड्यातले दोन तास गोष्टींसाठी राखीव आहेत. त्यात मध्ये बोलायचं नाही, चुका शेवटी. बाकीच्या तासांना बाई हवं तेवढं टोकतात आणि मुलंही ऐकून घेतात, कारण कुठल्या तासाला काय होणार हे त्यांना आधी ठाऊक असतं.

याची एक पुढची गंमत आहे. हाच संशोधक नंतर कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावांमध्ये कागदपत्रं शोधत फिरला आणि आल्यावर बाईंना म्हणाला, "तिकडे लोक 'मी काम केलो' म्हणतात!" म्हणतातच. कानडीच्या शेजारामुळे तिथल्या बोलीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. बाई त्यावर खळखळून हसल्या आणि फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली.

पण बोलीचा प्रश्न दर वेळी असा हसण्यावारी जात नाही. आमच्याकडचं सगळ्यात जिव्हारी लागलेलं भांडण बोलीवरूनच झालं.

एक संशोधिका जात्यावरच्या ओव्यांवर काम करत होती. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवां आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या मुळशीकडच्या ओव्या तिला वाचायच्या होत्या. तिच्या बाई निवृत्त प्राध्यापिका. ओवीत 'पानी' आलं की त्या 'पाणी' म्हणायच्या, 'न्हाई'चं 'नाही' करायच्या, आणि एक दिवस म्हणाल्या, "ही अशुद्ध भाषा मी शिकवणार नाही. आधी शुद्ध शीक, मग काय वाचायचं ते वाच." मुलगी भर वर्गात उसळली. इंग्रजीत बोलली, आणि त्यात जातीयवादी हा शब्द होता. बाई उठून गेल्या.

शुद्ध-अशुद्ध या शब्दांमागे आपल्याकडे कोणता इतिहास आहे, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? मुलीचा मुद्दा खोटा नव्हता. मराठीचा गंभीर अभ्यास करायला आलेल्या परदेशी लोकांनीच प्रमाण भाषेच्या पलीकडची मराठी किती मोलाची आहे हे पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी प्रबंध लिहिला तो फलटणच्या बोलण्यातल्या विविधतेवर, आणि मग त्या फलटणलाच राहून मुलांना वाचायला-लिहायला शिकवत राहिल्या. एलिनॉर झेलियट आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करत महाराष्ट्रात फिरल्या. गेल ऑम्व्हेट कासेगावला घर करून राहिल्या. गुंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्या ऐकत डोंगर तुडवत गेले. यांच्यापैकी कोणालाही नुसत्या सदाशिव पेठी मराठीवर काम करता आलं नसतं.

पण बाईंचीही एक बाजू होती, आणि ती त्या मुलीला दिसणं शक्य नव्हतं. बाई सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या. घरात शिकलेलं कोणी नाही. पुण्यात कॉलेजात आल्यावर वर्गात 'पानी' म्हणाल्या तेव्हा मुलं-मुली हसली होती. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी आरशासमोर उभं राहून 'ण' घोटला. ज्या भाषेला त्या शुद्ध म्हणत होत्या, ती त्यांना वारशाने मिळालेली नव्हती, त्यांनी ती कष्टाने कमावली होती. मुलीने त्यांना जिथली समजून आरोप केला, तिथल्या त्या नव्हत्याच. हे सगळं त्या माझ्याशी बोलल्या, दार लावून, डोळे पुसत. "तिच्याशी का नाही बोललात?" मी विचारलं. "इंग्रजीत काय बोलू मी तिच्याशी?" त्या म्हणाल्या.

हे ऐकून माझ्या मनाने एक गोष्ट कायमची घेतली. आमच्याकडचं प्रत्येक भांडण शेवटी इंग्रजीत जातं. तक्रार इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत, बैठक इंग्रजीत. ज्या बाई मराठीत कोणालाही निरुत्तर करतील, त्या तिथे अडखळतात, आणि अडखळणारा माणूस दोषी दिसतो. विद्यार्थी बारा महिने ज्या अवस्थेत असतो, नेमक्या त्याच अवस्थेत आपण शिक्षिकेला तिच्या मानाचा प्रश्न असतो तेव्हा नेऊन बसवतो.

मी बाईंना म्हटलं, तुम्ही मराठीतच बोला, सावकाश बोला, मी मध्ये पडणार नाही. दोघींना समोरासमोर बसवलं. बाई बोलल्या. मुलगी वर्षभर मराठी शिकलेली, तिला बहुतेक सगळं कळलं. जे कळलं नाही ते तिने मराठीतच विचारलं. 'घोटणे' तिला माहीत नव्हतं. मग ती बोलली, तुटक तुटक, पण मराठीत. म्हणाली, "तुम्हाला हसले, ते वाईट. पण बाई, तुम्ही 'अशुद्ध' म्हणता तेव्हा ओवीवाल्या आजीला कोणीतरी परत हसतं." बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दोघींचं सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. बाईंचा आग्रह राहिला की लेखी काम प्रमाण भाषेतच हवं, आणि तो बरोबर आहे. मुलीचा आग्रह होता की 'अशुद्ध' हा शब्द वर्गातून जावा. तोही बरोबर आहे, आता आम्ही तो वापरत नाही. ओव्या जशा आहेत तशा वाचायच्या ठरल्या. मुळशीतल्या एका आजींना काही तासांसाठी बोलावलं. हिशेबाच्या कागदावर त्यांचं नाव पाहुणे म्हणून आलं आणि पुढे ठरलेल्या तासिकेपेक्षा बरीच कमी रक्कम. मी ते परत पाठवलं. त्या वर्गावर येऊन शिकवणार आहेत, तर शिक्षिकेचंच मानधन मिळालं पाहिजे. मिळालं. पहिल्या तासाला आजींच्या शेजारी बसून बाई वहीत लिहून घेत होत्या.

मराठी आईबापांची परदेशात वाढलेली मुलं येतात, त्यांच्याबाबत एवढंच सांगते. गोऱ्या मुलाने "मला पाणी पाहिजे" म्हटलं तर सगळ्यांना केवढं कौतुक वाटतं, आणि न्यू जर्सीहून आलेल्या कुलकर्णी किंवा शिंदे आडनावाच्या मुलीला वाचताना जोडाक्षर अडलं की लगेच, "आईबाबांनी शिकवलं नाही का गं?" तिने उन्हाळ्याची सुट्टी देऊन हे शिकायला यायचं ठरवलं, ते याच प्रश्नाने झुरत राहिल्यामुळे. हा प्रश्न वर्गात विचारायचा नाही, असं आम्ही नव्या शिक्षिकांना नेमणुकीच्या वेळीच सांगतो.

आणि काही गोष्टी समोरासमोर बसून मिटवायच्या नसतात. आमच्याकडे आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीच्या रंगावरून आणि केसांवरून एका शिक्षकाने हसत हसत काहीबाही म्हटलं. विचारल्यावर उत्तर मिळालं, "गंमत केली, आपल्याकडे असं बोलतात." आपल्याकडे असं बोलतात हे खरं आहे, आणि ती लाजेची गोष्ट आहे. रिक्षात, दुकानात, सोसायटीच्या जिन्यात तिला हे रोज सोसावं लागत होतं. वर्ग ही तरी एक जागा त्यातून सुटायला हवी होती. त्या शिक्षकाचा आणि तिचा तास त्याच दिवशी थांबवला, त्याला लेखी समज दिली, आणि तिला त्याच्यासमोर बसून काही समजावून सांगायला लावलं नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींचंही तेच. त्यासाठी 2013 चा कायदा आहे, उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम आहेत, अंतर्गत समिती आहे. तक्रार तिथेच गेली पाहिजे. चहा पाजून समेट घडवण्याचा विषय नाही तो. हे पहिल्या दिवशी, समितीतल्या व्यक्तींच्या नावांसकट, सगळ्यांना कागदावर दिलं जातं.

बाकीच्या रोजच्या धुसफुशीसाठी आम्ही शुक्रवारचा एक तास काढला. त्याला मुलं 'तक्रारीचा तास' म्हणतात. काही सहकाऱ्यांना वाटलं, हे म्हणजे विस्तवाला हवा घालणं झालं. पण भाषा शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहा. अमेरिकेत बोलण्याची पातळी तपासणारी जी मुलाखत असते, तिच्यात परीक्षक मुद्दाम एखादा अडचणीचा प्रसंग उभा करतो. सामान हरवलंय, घरमालक ऐकत नाही, दिलेला माल खराब निघाला, आता बोल. वरच्या पातळीवर मत मांडून त्याचं समर्थन करता यावं लागतं. म्हणजे तक्रार करता येणं, असहमती दाखवता येणं, समोरच्याचा मान राखून आपलं म्हणणं सोडायचं नाही हे जमणं, हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तो आपण खोट्या घरमालकाबरोबर शिकवतो आणि खरी तक्रार मात्र इंग्रजीत लिहून मागतो.

सुरुवातीला आम्ही वाक्यंच देतो. "मला हे पटलं नाही." "माझं म्हणणं जरा वेगळं आहे." "तुम्ही रागावलात का?" "पुन्हा सांगाल का, मला कळलं नाही नीट." तासाला इंग्रजी बंद, संचालक येत नाहीत, आणि तक्रारी शिक्षिकाही मांडतात. एक विद्यार्थी आणि एक शिक्षिका मिळून वहीत नोंद करतात, आणि जे आमच्या हातात आहे ते सोमवारपर्यंत मार्गी लागतं. नुकत्याच 'मी आहे, तू आहेस' शिकणाऱ्यांना हे जमत नाही. त्यांनी त्यांच्या भाषेत बोलावं, मराठी-इंग्रजी दोन्ही येणारी एखादी शिक्षिका मध्ये बसते. मात्र उत्तर देणाऱ्या बाई मराठीतच बोलतात. त्यांना स्वतःची बाजू इंग्रजीत मांडायला लावायची नाही, यात आम्ही सवलत ठेवलेली नाही.

कोरियाहून आलेला एक विद्यार्थी होता, वर्गात अगदी मोजकं बोलणारा. तो दोन-तीन शुक्रवार नुसता ऐकत बसला. मग एकदा वहीत आधी लिहून आणलेलं वाचून दाखवलं. "बाई, तुम्ही रोज म्हणता, सोपं आहे, सोपं आहे. मला सोपं नाही. तुम्ही म्हणता तेव्हा मी विचारू शकत नाही." बाई चकित झाल्या. धीर द्यायला म्हणून त्या ते म्हणत होत्या. त्यांनी विचारलं, "मग काय म्हणू?" त्याने विचार केला आणि म्हणाला, "म्हणा, हे अवघड आहे, बघू या." पुढच्या तक्रारीत बाईंची पाळी होती. "मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असते तेव्हा तुमचे फोन सुरू होतात. मला काचेत दिसतं," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ही तक्रार सोमवारपर्यंत संपूर्ण मिटली असं काही मी म्हणत नाही.

तो सत्रअखेरचा फॉर्म मात्र अजून आहे तसाच आहे. आम्ही तिकडे दोन मागण्या केल्या आहेत. एक, अभिप्राय सत्राच्या मध्यावरही घ्यावा, म्हणजे ज्याची तक्रार आहे त्याला त्याच सत्रात फरक दिसेल. दोन, त्याच फॉर्ममध्ये शिक्षिकांसाठी जागा असावी. त्यांनी कोणत्या अडचणी सोसल्या, कोणता विद्यार्थी किती पुढे आला, त्यांच्यावर आलेल्या तक्रारीबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे. पहिली मागणी मान्य झाली. दुसऱ्या मागणीवर उत्तर आलेलं नाही. येत्या ऑगस्टपर्यंत आलं नाही, तर शिक्षिकांनी मराठीत लिहिलेले अभिप्राय आम्ही फॉर्मना जोडून पाठवणार आहोत, भाषांतर न करता. तिकडे ते वाचता येतील अशी माणसं आहेत. त्यांना आम्हीच शिकवलं आहे.